परत फिरायची जागा

कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्ज या वाळवंटी गावात कलासंग्रहालयाच्या बाजूने एक पायवाट डोंगरावर चढते. सुरुवात समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर, शेवट सॅन हसिंटो शिखराच्या माथ्यावर, ३,३०२ मीटरवर. हा सगळा चढ लोक एका दिवसात चढतात. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. समुद्रकिनाऱ्यावरून निघून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जावे आणि तिथून पुन्हा जवळजवळ तेवढेच वर जावे, एवढी ही चढाई भरते. 'कॅक्टस टू क्लाउड्स' या नावाने ती जगभरच्या डोंगरवेड्यांना ठाऊक आहे, आणि आता पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या यादीतही तिने जागा मिळवली आहे.

या वाटेवर माणसे मेली आहेत. काही उन्हाने, काही हिवाळ्यात बर्फावरून घसरून. तरीही ती बंद करू नये असे मला वाटते. आणि तिच्यावरून जे शिकण्यासारखे आहे ते महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या वाटांवर, लगेच वापरता येण्यासारखे आहे. परत फिरण्याचा निर्णय डोंगरावर घ्यायचा नसतो, तो आदल्या दिवशी घरात, डोके थंड असताना घ्यायचा असतो. ठिकाण आणि वेळ, दोन्ही ठरवून.

मी मूळची अकोले तालुक्यातली. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई हे आमच्या लहानपणचे डोंगर. आता बरीच वर्षे कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड काउंटीत राहते, रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. कामावरून घरी येताना सॅन हसिंटो गाडीच्या काचेत समोर उभा असतो. त्यामुळे इकडे येणारा प्रत्येक ट्रेकवेडा नातेवाईक मला एकच प्रश्न विचारतो. "आम्ही अलंग-मदन-कुलंग केलंय, नळीची वाट केलीय, कात्रज ते सिंहगड रात्रीत केलंय. हा डोंगर दाखवशील का?" त्यांच्या पायांबद्दल मला शंका नसते. शंका वेगळ्याच गोष्टीबद्दल असते.

सह्याद्रीत आपल्याला सवय असते ती अशी, की दमलो, पाणी संपले, पोटात कालवले, तर खाली उतरायचे. खाली गाव असते, विहीर असते, कुणाच्या तरी ओसरीवर टेकायला जागा असते. खाली येणे म्हणजे सुटका. सॅन हसिंटोच्या या पूर्व उतारावर हे गणित उलटे होते. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, कोरड्या हवेत त्याहूनही जास्त. म्हणजे माथा आणि पायथा यांच्यात वीस अंशांहून अधिक फरक सहज पडतो. पहाटे तीन-साडेतीनला निघालेला माणूस उन्हाच्या पुढे पळत असतो. सकाळी दहा वाजता तो दीड-दोन हजार मीटरवर असेल तर त्याच्याभोवती बरी हवा असते आणि खाली वाळवंट तापू लागलेले असते. त्या क्षणी त्याचे पाय थकले, तर खाली जाणे म्हणजे दर पावलाला भट्टीच्या जवळ जाणे. वाटेत पाणी कुठेही नाही. झरा नाही, टाके नाही. सावली म्हणावी तर एखाद्या मोठ्या दगडाची, तीही सूर्य वर आला की सरकून जाते.

पाम स्प्रिंग्जमध्ये ५ जुलै २०२४ रोजी पारा १२४ अंश फॅरनहाइटवर गेला, म्हणजे ५१ अंश सेल्सिअसच्या वर. तो गावाचा आजवरचा उच्चांक. पण त्या आकड्याने दिशाभूल होते. जुलैत बहुतेक लोक स्वतःच घाबरतात. फसवतात ते मे, जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे दिवस, जेव्हा पहाट सुखद असते आणि अकरानंतर पस्तीस-चाळीस अंश होतात.

वाट कशी आहे ते नीट सांगायला हवे, कारण व्हिडिओत ती फार सपाट दिसते. पहिला टप्पा संग्रहालयाजवळून थेट वर, नागमोडी वळणांचा, दगडांचा. तासाभरात सहलीची बाके येतात, इथपर्यंत गावातली म्हातारी माणसेही सकाळी फिरायला येतात. त्यापुढे 'स्कायलाइन' नावाची वाट सुरू होते. एका मोठ्या दगडावर रंगाने लिहिले आहे की लाँग व्हॅली आठ मैल. ही वाट कुणी अधिकृतपणे राखत नाही. खुणा आहेत, वापराने पडलेली पाऊलवाट आहे, पण अंधारात फाटा चुकणे सोपे. पायाखाली मुरूम आणि सुटे ग्रॅनाइट. दोन्ही बाजूंना क्रिओसोटची झुडपे, पिवळ्या फुलांची ब्रिटलबुश, पिंपासारखे बुटके बॅरल निवडुंग आणि चोया. चोयाच्या काट्यांना उलट अणकुच्या असतात. काटा कपड्यात शिरला की ओढून निघत नाही, म्हणून आम्ही एक जाड कंगवा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवतो. त्याने काट्याचा गोळा एका झटक्यात उडवता येतो.

साधारण सातशे मीटरवर एक पेटी आहे, सव्वा हजार मीटरच्या आसपास दुसरी. लोक त्यांना 'रेस्क्यू वन' आणि 'रेस्क्यू टू' म्हणतात. आत पाण्याच्या बाटल्या असतात, कुणीतरी पाठीवर वाहून आणून ठेवलेल्या. त्या जीव वाचवण्यासाठी आहेत. ज्याने स्वतःचे पाणी कमी आणले त्याच्या सोयीसाठी नाहीत, आणि तिथे आज बाटल्या असतीलच याची कुणी हमी देत नाही. आमच्या इथल्या ट्रेकर गटात कुणी वर जाणार असेल तर एक जास्तीची बाटली नेऊन त्या पेटीत ठेवायची, असा आम्ही नियम केला आहे.

दुसऱ्या पेटीच्या पुढे निवडुंग विरळ होतात. आगाव्हे, मग खुरटे ओक, मग लालसर गुळगुळीत खोडांची मांझानिटा. इथे डोंगराची एक लांब सोंड आहे आणि तिच्यावरून वाट सतत चढत राहते. तिला अंतच नाही असे वाटते. अडीच हजार मीटरच्या जवळ येताना वाट उजवीकडे वळून आडवी जाते आणि मग शेवटची एक घळ सरळ वर उभी राहते. इथे जेफ्री पाइन लागतात. त्यांच्या सालीला नाक लावले की व्हॅनिलाचा वास येतो, मी प्रत्येक वेळी लावते. सगळ्यात तीव्र चढ नेमका इथे आहे, चढणाऱ्यात काहीच उरलेले नसते तेव्हा. आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा आडवा तुकडा बर्फाने, पुष्कळदा कडक गोठलेल्या बर्फाने, झाकलेला असू शकतो. बुटांना क्रॅम्पॉन आणि हातात आइस अॅक्स नसेल, किंवा ती वापरता येत नसेल, तर तिथे पाऊल टाकणे म्हणजे थेट दरीत जाणे. म्हणजे खाली उन्हाळा असताना वर हिवाळा, एकाच दिवशी, एकाच वाटेवर. खालचे ऊन टाळायला हिवाळ्यात जावे तर वरचा बर्फ, वरचा बर्फ टाळायला उन्हाळ्यात जावे तर खालचे ऊन. मधल्या काही आठवड्यांची एक फट तेवढी उरते, आणि तीही दर वर्षी वेगळी.

घळ चढून गेले की लाँग व्हॅली. एकदम सपाट जमीन, उंच झाडे, रेंजरची चौकी, तिथे मोफत मिळणारा परवाना, नळाचे पाणी. आणि पलीकडे पाम स्प्रिंग्जचा रोपवे. फ्रान्सिस क्रॉकर नावाच्या माणसाला १९३५ साली उन्हात घामाघूम असताना त्याची कल्पना सुचली असे सांगतात. प्रत्यक्षात तो १९६३ साली सुरू झाला. पाचपैकी चार मनोरे उभारायला हेलिकॉप्टर लागले, इतका हा उतार खडा. आता गोल फिरणारे डबे आहेत, दहाएक मिनिटांत २,५९६ मीटरवरून ८०६ मीटरवर आणून सोडतात. लाँग व्हॅलीहून माथा आणखी नऊ-साडेनऊ किलोमीटर, राउंड व्हॅली आणि वेलमन डिव्हाइड ओलांडून. माथ्याच्या थोडे खाली १९३०च्या दशकात बांधलेली दगडी झोपडी आहे, वादळात अडकलेल्यांसाठी. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. उत्तरेला खिंडीपलीकडे सॅन गोर्गोनियो, त्या खिंडीत पवनचक्क्यांची रांग, आग्नेयेला समुद्रसपाटीहून सत्तर मीटर खाली पसरलेला सॉल्टन समुद्र. हे सगळे मी पाहिले आहे आणि कुणालाही पाहावेसे वाटावे असे ते आहे. म्हणूनच ही वाट बंद व्हावी असे मला वाटत नाही.

पण रोपवेनेच ही वाट जास्त धोक्याची केली आहे. वर पोहोचलो की डब्यात बसून खाली, म्हणजे फक्त चढायचे, उतरायचे नाही, असा हिशेब मांडून लोक येतात. उतरण्यासाठी ना ताकद राखतात ना पाणी. मग दीड हजार मीटरवर पाय वळायला लागले की त्यांच्या मनात एकच दिशा असते, वर. वर गेले की सुटलो. आणि वर जाण्याइतके अंगात उरलेले नसते.

गेल्या काही वर्षांतल्या एका ऑक्टोबरअखेरची गोष्ट सांगते. माझा भाचा पुण्याहून आला होता, सोबत त्याचा मित्र. दोघेही तिशीतले, धावणारे, पावसाळ्यात दर शनिवारी कुठल्यातरी गडावर. त्यांना जुलैत यायचे होते, मी नको म्हटले. त्यांनी तिकिटे बदलली. आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही बसलो, आमच्या गटातली वाट ओळखणारी एक मैत्रीणही होती. कागदावर लिहिले: प्रत्येकी सहा लिटर पाणी, क्षारांची पाकिटे, दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर, हेडटॉर्च, वरच्या थंडीसाठी जाकीट. आणि खाली एक ओळ, साडेसातनंतर दुसऱ्या पेटीच्या पुढे कुणी जायचे नाही. जो मागे फिरेल त्याच्यासोबत एक जण फिरेल. भाच्याने ती ओळ वाचून विचारले, "साडेसातच का?" मी म्हटले, "कारण त्यानंतर निघालास आणि वर कुठे अडकलास, तर उतरताना बारा-एकचं ऊन डोक्यावर घेऊन यावं लागेल. साडेसातला फिरलास तर अकराच्या आत गाडीपाशी."

आम्ही साडेतीनला निघालो. पहिल्या पेटीपर्यंत सगळे एकत्र होतो. त्यानंतर मित्र मागे पडू लागला. मी त्याच्यासोबत राहिले. दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. तो बोलायचा थांबला होता, आणि पाणी पीत होता पण खात नव्हता. दुसऱ्या पेटीपाशी आम्ही सव्वासातला पोहोचलो. भाचा आणि मैत्रीण अर्धा तास आधीच येऊन बसले होते. सूर्य नुकताच वर आला होता, खाली दरीत गोल्फच्या मैदानांचे हिरवे चौकोन दिसायला लागले होते. मित्राच्या पोटरीत गोळे आले आणि तो दगडावर बसला तो उठेना.

"मावशी, दहा मिनिटं बसू दे त्याला, होईल बरा," भाचा म्हणाला.

"तुम्ही दोघं निघा. मी याला घेऊन उतरते."

"पण मग तुझा माथा राहील."

"राहू दे. कागदावर लिहिलंय ना?"

मित्र म्हणाला की त्याला जमेल. मनापासून म्हणाला, आणि पूर्ण विश्वासाने म्हणाला. माझ्या व्यवसायात हेच सर्वांत काळजीचे लक्षण असते. अंगातले तापमान वाढते, पाणी आणि मीठ कमी होते, तेव्हा बिघाड आधी पायांत दिसत नाही, निर्णयात दिसतो. माणूस चिडका होतो किंवा गप्प होतो, साध्या हिशेबात अडखळतो, आणि तरीही त्याला वाटते की आपण ठीक आहोत. उष्माघाताची खूणच अशी, की शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले असते आणि सोबत डोके काम देईनासे होते. ज्या मेंदूने परत फिरायचे ठरवायचे, तोच आधी दगा देतो. म्हणून त्याला त्या क्षणी विचारायचेच नाही. आदल्या दिवशी विचारून, लिहून घ्यायचे.

आम्ही सावकाश उतरलो. वाटेत त्याला क्षारांचे पाणी थोडे थोडे पाजले, खजूर खायला लावले. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ट्रेकच्या सूचनांमध्ये 'भरपूर पाणी प्या' एवढेच लिहिलेले असते. तासन् तास घाम गाळून नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि त्याची सुरुवातीची लक्षणे, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, ही पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात. मग बरोबरचे लोक आणखी पाणी पाजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या क्षारांच्या सूत्रात एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, इतर दोन क्षार वेगळे. औषधाच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळणारे ते पाकीट आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवले. सॅकमध्ये ते न ठेवायला काही कारण नाही.

पावणेअकराला आम्ही गाडीपाशी होतो. तेव्हाच हवा तापली होती. मित्राने दुपारी आमटी-भात खाल्ला आणि झोपला. भाचा आणि मैत्रीण माथा करून संध्याकाळी रोपवेने उतरले. त्या दिवशी दोन जण माथ्यावर गेले आणि दोन जण गेले नाहीत, आणि मला विचाराल तर चौघांचाही दिवस सफल झाला.

आता बंदीबद्दल. अॅरिझोनातल्या फीनिक्स शहराने २०२१ पासून तीव्र उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या डोंगरांच्या वाटा दिवसाच्या ठरावीक तासांत बंद ठेवायला सुरुवात केली. तिथे ते मला पटते. ते शहराच्या आतले डोंगर आहेत, वाटा मोजक्या आहेत, फाटक लावता येते, आणि तिथे अडकलेल्यांना वाचवायला जाणारे अग्निशमन दलाचे जवान स्वतः उन्हाने कोसळत होते. पण सॅन हसिंटोचा उतार असा बंद करता येणार नाही. फाटक लावले तर लोक त्याच्या बाजूने जातील, आणि मग कुणाला सांगून जाणार नाहीत. चोरून गेलेल्याला शोधणे सर्वांत कठीण.

मला जास्त शहाणपणाचा वाटतो तो ग्रँड कॅन्यनचा मार्ग. १९९०च्या दशकात तिथे एका उन्हाळ्यात बरेच मृत्यू झाल्यानंतर राष्ट्रीय उद्यानाने वाटांच्या तोंडाशी आणि वरच्या टप्प्यांवर माणसे उभी करायला सुरुवात केली. ही माणसे तुम्हाला अडवत नाहीत. विचारतात, कुठे चाललात, पाणी किती आहे, खायला काय आहे, परत कधी येणार. उत्तर देताना माणसाला स्वतःलाच कळते की आपण तयार नाही. आणि पुष्कळ लोक तिथून शांतपणे फिरतात, कारण चारचौघांत कमीपणा न वाटता मागे फिरायची संधी त्यांना मिळालेली असते. पाम स्प्रिंग्जमध्येही मे-जूनच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी पहाटे तीन ते सहा असे कुणी उभे राहायला हवे. मी स्वतः उभी राहायला तयार आहे.

आणि अडकलेल्यांना वाचवायचे काम आज कोण करते? रिव्हरसाइड माउंटन रेस्क्यू युनिटचे स्वयंसेवक. काउंटीच्या शेरीफसोबत काम करतात, आपापल्या नोकऱ्या सांभाळून, पगाराशिवाय. मध्यरात्री फोन आला की दोर घेऊन निघतात. त्यांचे काम पाहताना मला नेहमी आपल्याकडचे लोक आठवतात, लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरशी जोडलेले सगळे. पावसात, रात्री, कड्याखाली उतरून माणसे आणि मृतदेह वर काढणारे हे लोक. त्यांच्या जिवावर आपण बेफिकीर राहतो.

सध्या आपल्याकडे वाचवलेल्या ट्रेकरला दंड करा, खर्च वसूल करा, अशी मागणी अधूनमधून होते. मी या मागणीच्या विरोधात आहे. अमेरिकेतल्या माउंटन रेस्क्यू असोसिएशनची जाहीर भूमिका आहे की बचावाचे पैसे घेऊ नयेत, कारण बिलाच्या भीतीने माणूस फोन करायला उशीर करतो. दुपारी दोनला आलेला फोन उजेडातली सोपी मोहीम असते. तोच फोन रात्री नऊला आला तर बचाव करणाऱ्यांचाही जीव टांगणीला लागतो.

महाराष्ट्रात दर पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघतात, धबधबे बंद, गड बंद, अमुक तारखेपर्यंत. काही ठिकाणी ते गरजेचे असतील. पण फेब्रुवारीअखेर ते मे या काळात, सह्याद्रीचे कातळ तापलेले असताना, कुणी काही सांगत नाही. कोकणातल्या बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाणारे, सांदण दरीत उतरणारे, मार्चच्या शेवटच्या आठवड्यातही निघतात. आपल्याकडे एक्कावन्न अंश होत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. सॅन हसिंटोवर हवा कोरडी असते, घाम लगेच उडतो आणि अंग थंड होते. कोकणाच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि शरीराला थंड व्हायचा रस्ताच उरत नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मोठ्या जाहीर कार्यक्रमात लोक उष्माघाताने गेले, ते तर नुसते उन्हात बसले होते. पाठीवर दहा किलो घेऊन हजार मीटर चढणाऱ्याचे काय होईल?

राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आयोजकांची नोंदणी त्यात आहे. त्या नोंदणीला माझी एक मागणी जोडावी. प्रत्येक ट्रेकच्या जाहिरातीत जसे भाडे आणि नाश्ता लिहिलेला असतो, तशी परत फिरायची जागा आणि वेळ लिहिलेली असावी. अमुक खिंडीपर्यंत अमुक वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर सगळा गट मागे फिरेल, पैसे परत मिळणार नाहीत, आणि त्याआधी एकट्याने मागे फिरणाऱ्यासोबत एक लीडर राहील. मग दोनच लीडर घेऊन पन्नास माणसे नेता येणार नाहीत. तेही बरेच झाले.

दुसरी गोष्ट, पायथ्याच्या गावांतली. बेलपाडा, बारी, पाचनई, साम्रद इथल्या तरुणांना वाट, हवा आणि पाणी आपल्यापेक्षा जास्त कळते. ग्रँड कॅन्यनमध्ये जे काम उद्यानाचे लोक करतात ते इथे गावातली प्रशिक्षित माणसे करू शकतील, ग्रामपंचायतीकडून मानधन घेऊन. पहाटे येणाऱ्या गटाला थांबवून पाणी मोजायचे, नावे लिहायची, संध्याकाळी कोण उतरले नाही ते पाहायचे. वनखाते प्रवेश शुल्क घेतेच अनेक ठिकाणी, त्यातला वाटा याला द्यावा. माझ्या माहेरच्या गावातून दोन मुली असे काम करायला तयार आहेत, प्रथमोपचार शिकल्या आहेत, आणि त्यांना अजून कुणी विचारलेले नाही.

ट्रेकला जाणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. मागे फिरलेल्याचा फोटो टाका. माथ्यावरच्या झेंड्याचे हजार फोटो दिसतात, पण दुसऱ्या पेटीपाशी बसून दशमी खाणाऱ्याचा एकही दिसत नाही, म्हणून नव्या मुलांना वाटते की तिथे थांबणारे कुणी नसतेच. भाच्याच्या मित्राने दुसऱ्या पेटीपाशी बसलेला आपला फोटो टाकला, खाली वेळ लिहून, सात वाजून सत्तावीस मिनिटे. त्याच्या पुण्यातल्या गटाने पुढच्या ट्रेकच्या कागदावर परतीची वेळ लिहायला सुरुवात केली आहे. या मार्चमध्ये ते नळीच्या वाटेऐवजी पहाटे लवकर निघून रतनगडावर गेले, आणि दहाच्या आत उतरून साम्रदमध्ये जेवले.